पाण्याचा काटा मध्येच, मग बेअरिंग गेल्या कशा? ओढकामात इंजिन ऑईलचं तापमान पाहण्याची पद्धत

२०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी येत होतं, त्याच उन्हाळ्यात इकडे केज तालुक्यात आमचा ट्रॅक्टर दिवसभर टँकरच्या खेपा मारत होता. टँकर पाच हजार लिटरचा, म्हणजे नुसतं पाणीच पाच टन, लोखंड वेगळं. मे महिन्यात एका दुपारी विहिरीवरून गावाकडे चढताना इंजिनच्या पोटातून ठकठक ऐकू यायला लागली. चेंबर (इंजिनच्या तळाचं ऑईलचं भांडं) उतरवून पाहिलं तर मोठ्या बेअरिंगांचा वरचा राखाडी थर उडून खालचं तांबं दिसत होतं.

ड्रायव्हर म्हणाला, "मालक, काटा मधीच होता की. एकडाव बी लाल पट्टीत जाऊ दिला न्हाई म्या."

तो खरं बोलत होता. पाण्याचा काटा मध्येच होता. चूक माझी होती. ऑईल बदलायची वेळ टळून गेली होती, ऑईल मोजायच्या पट्टीवर ते दोन लिटरने कमी होतं, आणि उरलेल्या ऑईलकडून मी दुप्पट काम करून घेत होतो. ते किती तापतंय हे सांगणारं घड्याळ त्या ट्रॅक्टरला नव्हतंच. त्यानंतर ट्रॅक्टरला आणि जीपला मी ते बसवून घेतलं. ते कसं बसवायचं, कसं वाचायचं आणि आकडा वर गेला की काय करायचं, ते इथे सांगतो. ऊस वाहणारे, टँकरवाले, मळणीयंत्र ओढणारे आणि जीपने टोचन करून गाड्या आणणारे, सगळ्यांना हे लागू आहे.

पाणी आणि ऑईल वेगळं का वागतात

पाण्यावर दोन राखणदार असतात, थर्मोस्टॅट आणि पंखा. इंजिनवर ओझं वाढलं की थर्मोस्टॅट जास्त उघडतो, रेडिएटरकडे जास्त पाणी जातं आणि तापमान ८५ ते ९५ अंशांत राहतं. नव्या गाड्यांत तर काटा मुद्दाम बधिर केलेला असतो. पाणी ८० ला असो की १०० ला, काटा जागचा हलत नाही. तो हलेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

साध्या इंजिनात ऑईलवर असा कुणी राखणदार नसतो. ते पिस्टनच्या तळाची उष्णता उचलतं, बेअरिंगांमध्ये घासलं जातं, टर्बो (धुराच्या जोरावर इंजिनात जादा हवा कोंबणारं यंत्र) असेल तर त्याच्या तापलेल्या दांड्यावरून येतं आणि चेंबरमध्ये पडून जमेल तेवढं गार होतं. ओझं दुप्पट केलं की त्याचा ताप चढू लागतो. पाण्याचा फारसा वाढत नाही, निदान रेडिएटरची ताकद संपेपर्यंत तरी नाही. म्हणून ओढकामात इंजिनचे हाल आधी ऑईलमध्ये दिसतात.

तापलेल्या ऑईलचं बिघडतं ते दोन बाजूंनी. एक म्हणजे ते पातळ होतं. आपल्याकडे डिझेल इंजिनात सर्रास चालतं ते १५डब्ल्यू-४० ऑईल १०० अंशांना जेवढं घट्ट असतं, त्याच्या साधारण निम्मंच १३० ला उरतं. बेअरिंग आणि क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) यांच्यामध्ये केसाहून बारीक थर असतो, तोच आणखी बारीक होतो. दुसरं म्हणजे ते लवकर म्हातारं होतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की ऑईल जळण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, असा जुना ठोकताळा आहे. म्हणजे ११० ऐवजी १३० वर राबवलेलं ऑईल चौपट वेगाने संपतं. मीटरवर तास तेवढेच दिसतात, पण ऑईल संपलेलं असतं.

आधी पाहा, गाडी स्वतःच सांगते का

स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं ओबीडी सॉकेट (गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे वाचायची जागा) असलेली कार किंवा पिकअप असेल, तर ब्लूटूथचं छोटं अ‍ॅडॉप्टर लावून मोबाईलवर ऑईलचं तापमान दिसतं का ते पाहा. काही गाड्या देतात, पुष्कळशा देत नाहीत. शिवाय ज्या देतात त्यांतल्या काहींत सेंसर नसतोच. कॉम्प्युटर पाण्याचं तापमान, इंजिनचे फेरे आणि डिझेलचा हिशोब लावून अंदाजाने आकडा काढतो. ओळखायची युक्ती सोपी आहे. पहाटे थंड इंजिन सुरू करा आणि दोन्ही आकडे पाहत राहा. खऱ्या सेंसरचं ऑईल पाण्याच्या बरंच मागून, रेंगाळत वर येतं. ऑईल पाण्याला चिकटून चालत असेल तर तो हिशोबाचा आकडा समजा. टोचन करताना त्यावर विसंबू नका.

जुन्या ट्रॅक्टरला आणि जुन्या जीपला हा रस्ता नाही. तिथे वेगळं घड्याळच लागतं.

लेझरचा लाल ठिपका पाडून दुरून तापमान सांगणारी बंदूक बाजारात मिळते, तिचं काय असं पुष्कळ जण विचारतात. ती चेंबरच्या पत्र्याचं तापमान सांगते, आतल्या ऑईलचं नाही. पत्र्याला वारा लागत असतो आणि चकचकीत ॲल्युमिनियमवर ती बंदूक चक्क कमी आकडा दाखवते. चेंबरच्या खालच्या अंगाला बोटभर जागा काळ्या मॅट रंगाने रंगवून दर वेळी तिथेच मोजलं, तर कालच्यापेक्षा आज जास्त की कमी एवढं कळतं. चालत्या गाडीत मात्र तिचा उपयोग नाही, आणि आपल्याला आकडा हवा असतो तो चढावर.

सेंसर कुठे बसवायचा

सगळं काम इथे आहे, घाई करू नका.

पहिली जागा ऑईल फिल्टरच्या मागे. इंजिन आणि फिल्टर यांच्यामध्ये बसणारी चकती मिळते, तिला सेंसरचे आटे असतात. फिल्टरमधून ऑईल सतत वाहतं, त्यामुळे आकडा जिवंत मिळतो. विकत घेताना जुना फिल्टर सोबत न्या आणि आटे जुळवून पाहा. वरवर सारखे दिसणारे दोन आटे वेगळे असू शकतात, आणि चुकीचा आटा जोराने पिळला तर इंजिनच्या बाजूचा खराब होतो. चकतीमुळे फिल्टर दोन-तीन सेंटीमीटर पुढे येतो, तो चासीला किंवा स्टिअरिंगच्या दांड्याला लागत नाही ना, तेही बघा. चकतीचं रबर बसवण्याआधी ऑईलने ओलं करायचं.

दुसरी जागा चेंबरचा ड्रेन नट. त्याच्या जागी सेंसर बसेल असा नट मिळतो, किंवा चांगला टर्नर तयार करून देतो. फिल्टर कार्ट्रिज पद्धतीचा (डबा कायम, आतली गुंडाळीच बदलायची) असलेल्या ट्रॅक्टरला हाच मार्ग बरा. यात दोन धोके. सेंसरचं टोक आत क्रँकच्या किंवा ऑईल पंपाच्या जाळीच्या आड येता कामा नये. आणि बाहेर आलेलं डोकं आपल्या शिवारातल्या रस्त्यावर दगडाला लागू शकतं. चाकोरीच्या मधला उंचवटा घासून सेंसर उडाला तर सगळं ऑईल रस्त्यावर. जीपला ड्रेन नट वापरत असाल तर खाली लोखंडी पट्टीचं कवच लावा. तांब्याचा वायसर दर वेळी नवा टाका. दहा-वीस रुपयांची वस्तू आहे, तिच्यावर काटकसर करू नये.

तिसरी जागा बरेच मिस्त्री सुचवतात, आणि ती मला अजिबात पटत नाही. ऑईलच्या दिव्याचा स्विच काढायचा, तिथे टी (तीन तोंडांचा जोड) लावायची, एका तोंडाला स्विच आणि दुसऱ्याला तापमानाचा सेंसर. दाबाच्या घड्याळाला ही जागा उत्तम, कारण दाब सगळीकडे पोचतो. पण टीच्या आंधळ्या गल्लीत ऑईल वाहत नाही, साचून राहतं, म्हणून तापमान खऱ्यापेक्षा बरंच कमी दिसतं. खोटा दिलासा देणारं घड्याळ लावण्यापेक्षा न लावलेलं परवडलं.

जागा कोणतीही घ्या, ती वहीत लिहून ठेवा. चेंबरमधला आकडा आणि फिल्टरजवळचा आकडा सारखे नसतात. मध्ये ऑईल कूलर असेल तर फरक आणखी वाढतो. दुसऱ्याच्या गाडीशी तुलना करताना "सेंसर कुठे आहे?" हा पहिला प्रश्न विचारायचा.

बसवण्याआधी उकळत्या पाण्यात परीक्षा

घड्याळ आणि सेंसर एकाच कंपनीचे, एकाच जोडीचे घ्या. सेंसर म्हणजे तापला की विजेला होणारा अडथळा कमी करणारा तुकडा. किती तापल्यावर किती अडथळा, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. एकाचं घड्याळ आणि दुसऱ्याचा सेंसर जुळवला तर काटा फिरेल, पण आकडा भलताच असेल.

जोडी आणली की गाडीला लावण्याआधी तपासा. जुन्या पातेल्यात पाणी उकळवा. (घरातलं दुधाचं पातेलं घेऊ नका. मी घेतलं होतं, अजून ऐकतोय.) घड्याळाला बॅटरीतून बारा व्होल्ट द्या, सेंसरच्या पिनेची तार घड्याळाला जोडा आणि सेंसरचं लोखंडी अंग वेगळ्या तारेने बॅटरीच्या निगेटिव्हला जोडा. टोक पाण्यात बुडवा, पण तळाला टेकवू नका. पिन कोरडी राहिली पाहिजे. आपल्याकडे समुद्रसपाटीपासून पाच-सहाशे मीटर उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. तेव्हा काटा ९८ ला आला तर जोडी पक्की. ९३ किंवा १०३ दाखवत असेल तरी चालेल, फक्त तो फरक घड्याळाच्या काचेच्या कडेला लिहा आणि वाचताना धरा. दहा अंशांच्या वर चुकत असेल तर दुकानदाराला परत द्या.

बसवणं आणि वायरिंग

ऑईल बदलायच्या दिवशीच हे काम काढा, म्हणजे ऑईल दोनदा सांडावं लागत नाही. इंजिन कोमट असावं. कडकडीत गरम ऑईल कोपरापर्यंत वाहत आलं तर कातडी सोलून निघते.

एका पिनेचा सेंसर इंजिनच्या अंगातूनच अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हची जोडणी) घेतो. आट्यांवर पांढरी टेप गच्च गुंडाळली तर तो अर्थ तुटतो आणि काटा कमी दाखवतो. टेप हवीच असेल तर एक-दोन वेढे, टोकाचे आटे मोकळे ठेवून. फिल्टरमागची चकती रबरावर बसलेली असते, म्हणून तिच्यापासून इंजिनच्या ब्लॉकपर्यंत एक जादा अर्थची तार टाकलेली बरी.

घड्याळाचा सप्लाय चावीनंतरच्या तारेतून घ्या, मध्ये तीन अँपियरचा फ्यूज. सेंसरची तार सायलेन्सरच्या मनीफोल्डपासून हातभर लांबून न्या आणि पत्र्यातून आत घेताना रबरी बुच लावा. ट्रॅक्टरवर घड्याळाच्या मागच्या बाजूला सिलिकॉन भरा, नाहीतर पहिल्या पावसात आत वाफ धरेल.

बिघाड ओळखायची एक खूण लक्षात ठेवा. सेंसरची तार तुटली की काटा थंडावर जाऊन पडतो. तीच तार घासून बॉडीला लागली की काटा एकदम टोकाच्या गरमावर उडी मारतो. खरं ऑईल कधीच उडी मारत नाही, ते चढतं आणि उतरतं तेही सावकाश. काट्याने उडी मारली तर आधी तार बघा, मग घाबरा.

सुरू केल्यावर पाच मिनिटं खाली वाकून गळती तपासा. गाडी तापल्यावर पुन्हा एकदा.

आपल्या गाडीचा आकडा काढा

दुसऱ्याने सांगितलेली हद्द घेऊन बसू नका. एक वही करा. आधी रिकामी फेरी, मग भरलेली, शक्यतो त्याच रस्त्यावर आणि त्याच वेळेला. बाहेरचं ऊन, गियर, पाणी आणि ऑईल, दर दहा मिनिटांनी. सोबत कुणी पोरगं बसवलं तर काम सोपं होतं.

माझ्या ट्रॅक्टरचे आकडे असे, सेंसर चेंबरमध्ये. बाहेर ४१ अंश, टँकर रिकामा: पाणी ८६, ऑईल ९४. टँकर भरलेला, सपाट डांबरी: पाणी ८९, ऑईल १०९. भरलेला, विहिरीकडचा चढ संपताना: पाणी ९३, ऑईल १२१. रिकाम्या फेरीपासून चढाच्या टोकापर्यंत पाणी सात अंश हललं आणि ऑईल सत्तावीस. चढ संपल्यावरही दोन मिनिटं ऑईल वरच जात होतं, १२३ ला जाऊन थांबलं, आणि ११० वर यायला दहा-बारा मिनिटं लागली.

ही रेंगाळ समजून घ्या. आता दिसणारा आकडा हा थोड्या वेळापूर्वीच्या कष्टाचा असतो. चढ अजून निम्मा बाकी आणि काटा १२० ला असेल, तर माथ्यावर पोचेपर्यंत तो आणखी वर जाणार, हे धरूनच पुढचा गियर ठरवायचा.

साध्या खनिज १५डब्ल्यू-४० ऑईलसाठी माझे ठोकताळे हे असे. गाडीच्या पुस्तकात वेगळं लिहिलं असेल तर पुस्तकाचं ऐका. ७० च्या खाली ओझं ओढू नका, ऑईल अजून घट्ट आहे. उसाच्या हंगामात पहाटे चारला थंडीत गाडी काढणाऱ्यांनी हे खास ध्यानात घ्यावं, कारण पाण्याचा काटा मध्ये आला तरी ऑईल मागेच असतं. ९० ते ११० ही सुखाची जागा. ओझ्यात ११० ते १२० चालतं. १२० ओलांडलं की हात आखडता घ्या. १३० ला ओढणं थांबवा. १४० कधी दिसलंच, तर त्या दिवशी ते ऑईल काढून टाका, भले आदल्या आठवड्यात भरलेलं असो.

दिवसभर जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीचं ऑईल ९० च्या वर जातच नसेल, तर तेही बरं नाही. आत धरलेली वाफ उडून जात नाही आणि ऑईल भरायच्या झाकणाखाली पांढरट साय जमते.

घाटात काय करायचं

बीडकडून मांजरसुंब्याचा घाट चढताना मागे बंद पडलेली पिकअप टोचन करून आणायची असेल, तर घाटाच्या पायथ्याशीच खालचा गियर टाका. वरच्या गियरमध्ये इंजिन दाबून, धापा टाकत चढवणं हे ऑईलसाठी सगळ्यात वाईट. पिस्टनवर दाब जास्त, आणि फेरे कमी म्हणून पंखा, पाण्याचा पंप, ऑईलचा पंप तिन्ही मंद. एक गियर खाली आलं की तेच काम कमी दाबात होतं आणि वाराही मिळतो. पण पार आरडाओरडा होईपर्यंत फेरे वाढवले तर घर्षणानेच ऑईल तापतं. माझ्या जीपला २२०० ते २५०० फेरे मानवतात.

वारा मागून असेल आणि गाडी बैलगाडीच्या चालीने चढत असेल, तर रेडिएटरला जवळजवळ हवा मिळत नाही. अशा दुपारी पाच वाजेपर्यंत थांबणं हाच शहाणपणा. एसी बंद. आकडा फारच चढला तर हिटर पूर्ण चालू करा. मे महिन्यात ही शिक्षा आहे, पण पाण्यातली थोडी उष्णता बाहेर पडते, आणि पाण्यावर चालणारा ऑईल कूलर असेल तर ऑईललाही फायदा होतो.

१३० दिसलं तर बाजूला घ्या, चाकांना दगड लावा, न्यूट्रल करा आणि इंजिन चालू ठेवा. साधारण हजार-बाराशे फेऱ्यांवर चार-पाच मिनिटं. लगेच बंद केलं तर टर्बोच्या दांड्यावर साचलेलं ऑईल जळून त्याचा कोळसा होतो. याला दोनच अपवाद. ऑईलच्या दाबाचा दिवा लागला तर त्याच क्षणी चावी बंद. पाणी उकळून बाहेर पडून गेलं असेल तरी बंदच. आणि रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, हे माहीत असूनही दर उन्हाळ्यात कुणीतरी भाजतंच.

हायवेवरचा ताप वेगळा

घाटच इंजिन तापवतो असं मला वाटायचं. मग जालन्याहून समृद्धी महामार्गावर जीप काढली. तिथे कारला १२० ची वेगमर्यादा आहे, म्हणून जुनी जीपही ११० ने ताणली. ना ओझं, ना चढ, समोरून भरपूर वारा. पाणी ९० ला शांत. ऑईल मात्र पंचवीस मिनिटांत १२४. सलग जास्त फेरे म्हणजे बेअरिंगांत सलग घर्षण, आणि मध्ये कुठे गाव नाही की वेग कमी होईल. वेग ९५ वर आणला आणि दहा मिनिटांत ११२ झालं. जुन्या डिझेल जीपमागे ट्रेलर लावून त्या रस्त्यावर ताणणाऱ्यांनी हा आकडा एकदा स्वतः पाहावा.

आकडा एरवीपेक्षा वाढला तर

त्याच रस्त्यावर, त्याच ओझ्याला, त्याच उन्हात आठ-दहा अंश जास्त दिसले तर कारण शोधा. आधी पट्टी. ऑईल कमी असेल तर उरलेलं जास्त राबतं. जास्त भरलं असेल तर क्रँक त्यात घुसळते, फेस होतो आणि त्यानेही तापतं. मग रेडिएटर. आमच्याकडे पावसाळ्यानंतर गवताचं बी, हिवाळ्यात उसाचं पाचट, कापसाच्या शिवारात तंतू, असं काही ना काही जाळीत बसतं. पंख्याच्या बाजूने पुढच्या दिशेला, बेताच्या दाबाने पाणी मारा. समोरून मारलं तर कचरा आत ठासला जातो. त्यानंतर पंख्याचा पट्टा, पाणी-कूलंटची पातळी, आणि ब्रेक कुठे धरून राहिलाय का. टँकरचं किंवा ट्रॉलीचं चाक जाम फिरत असेल तर इंजिन विनाकारण जादा ओढतं. चाकाच्या मुठीला हात लावला की कळतं, पण बेताने लावा.

हे सगळं ठीक असूनही रोज १२५ च्या वर जात असेल, तर बाहेरून ऑईल कूलर बसवायचा विचार करा. त्याला थर्मोस्टॅट हवाच, साधारण ८० च्या पुढे उघडणारा. नाहीतर डिसेंबरच्या पहाटे ऑईल तापणारच नाही. त्याआधी, खेपा कमी भरून पाहणं स्वस्त पडतं.

ओढकामाच्या दिवसांत मी ऑईल पुस्तकातल्या मुदतीच्या निम्म्यावर बदलतो, आणि ज्या आठवड्यात १३० दिसलं त्याची वहीत लाल खूण करतो. दिवाळीच्या आधी, उसाला ट्रॉल्या जोडण्यापूर्वी, ऑईल बदलताना सेंसर काढून पुन्हा एकदा उकळत्या पाण्यात बुडवून बघतो. त्यासाठी पातेलं आता वेगळं ठेवलंय.